दगडाखालचा प्लॅनेरिया आणि तुटलेला खंड

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगझिनमध्ये किड्यांवर लेख कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण जमीन कधी तुटली, कुठे सरकली आणि कुणाला जाऊन धडकली, याची नोंद ठेवणारी साधनं निसर्गाकडे मोजकीच आहेत. त्यातलं एक म्हणजे गोड्या पाण्यातला चपटा कृमी. लांबी एक-दोन सेंटिमीटर, रंग तपकिरी किंवा करडा, पत्ता ओढ्यातल्या दगडाची खालची बाजू. या प्राण्याला ना समुद्र पोहून ओलांडता येतो, ना उडता येतं, ना कोरड्या जागेत तग धरता येतो. तरीही त्याचे नातलग आफ्रिका, मादागास्कर, युरोप, भारत, जपान, ऑस्ट्रेलिया असे सगळीकडे पसरलेले आहेत. हे झालं कसं? या एका प्रश्नाचा पाठपुरावा करताना आपण थेट डायनोसॉरच्या काळात जातो. वाटेत अंधेरीची गिल्बर्ट हिल लागते आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं एक छोटं गावही लागतं.

आधी ओळख करून घेऊ

शाळेत आपण प्राण्यांचे फायलम पाठ केलेले असतात. त्यातला प्लॅटिहेल्मिन्थिस म्हणजे हे चपटे कृमी. परीक्षेपुरती तीन नावं लक्षात राहतात : प्लॅनेरिया, लिव्हर फ्ल्यूक आणि टेपवर्म. यातले शेवटचे दोघे परजीवी, म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात राहून त्याच्यावर जगणारे. प्लॅनेरिया मात्र स्वतंत्र राहतो. छोटे जीव पकडून, किंवा काही मेलेलं मिळालं तर ते खाऊन, तो आपलं पोट भरतो.

तो चपटा का, हा खरं तर डिझाइनचा प्रश्न आहे. प्लॅनेरियाला हृदय नाही, रक्त नाही, फुप्फुसं नाहीत आणि कल्लेही नाहीत. ऑक्सिजन त्याच्या त्वचेतून आत झिरपतो. डिफ्यूजनला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो. अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. म्हणून या प्राण्याला लांब आणि रुंद होणं परवडतं, जाड होणं परवडत नाही. अन्न पोचवायला रक्त नसल्यामुळे आतडंच अंगभर फांद्या काढून पसरलेलं असतं. त्याचे मुख्य फाटे तीन, एक पुढे आणि दोन मागे. यावरूनच या गटाला ट्रायक्लॅड असं नाव पडलं. तोंड डोक्यावर नसून पोटाच्या मध्यावर असतं, आणि उरलेलं बाहेर टाकायलाही तेच तोंड वापरावं लागतं. डोक्यावर दोन साधे डोळे असतात. त्यांना चित्र दिसत नाही, फक्त उजेड कुठून येतोय ते कळतं, आणि उजेड दिसला की प्लॅनेरिया उलट दिशेला सरकतो.

प्लॅनेरिया सगळ्यात जास्त प्रसिद्ध आहे तो त्याच्या पुन्हा वाढण्याच्या ताकदीसाठी. मधोमध कापला तर डोक्याच्या भागाला शेपूट येते आणि शेपटीच्या भागाला नवीन डोकं येतं, मेंदूसकट! टी. एच. मॉर्गन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १८९८ च्या सुमारास असे अनेक प्रयोग केले. मूळ शरीराच्या २७९ व्या भागाएवढ्या तुकड्यापासूनही पूर्ण प्राणी तयार होतो, असं त्यांनी दाखवलं. हेच मॉर्गन पुढे फळमाशीच्या गुणसूत्रांकडे वळले आणि १९३३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या वाढीमागे निओब्लास्ट नावाच्या पेशी असतात. शरीरात कुठेही जाऊन हव्या त्या प्रकारची पेशी बनवण्याची त्यांची तयारी असते. आज आपल्याकडे बंगळूरच्या इनस्टेमसारख्या संस्थेतही प्लॅनेरियावर या अंगाने संशोधन चालतं.

आपल्या विषयासाठी यातली एक गोष्ट लक्षात ठेवायची. प्लॅनेरियाच्या काही जाती स्वतःहून दोन तुकडे होऊन वाढतात. म्हणजे एखाद्या नव्या ओढ्यात एकच प्राणी पोचला, तरी तिथे पुढे वस्ती उभी राहू शकते.

समुद्रातून ओढ्यात, ओढ्यातून जमिनीवर

चपट्या कृमींचा जन्म समुद्रातला. ट्रायक्लॅड गटातले काही आजही समुद्रातच राहतात. त्यांच्यापासून वेगळी झालेली एक मोठी शाखा गोड्या पाण्यात आली. हे ऐकायला सोपं वाटतं, पण प्राण्याच्या दृष्टीने हा फार मोठा बदल आहे. समुद्राचं पाणी खारट, शरीरातलं पाणीही खारट, त्यामुळे तिथे फारसा फरक नसतो. गोड्या पाण्यात मात्र ऑस्मोसिसमुळे बाहेरचं पाणी सतत आत घुसत राहतं. ते उपसून टाकायला पंप लागतो. चपट्या कृमींत हे काम फ्लेम सेल नावाच्या पेशी करतात. त्यांच्या आतले केस मेणबत्तीच्या ज्योतीसारखे हलतात आणि पाणी बारीक नळ्यांतून बाहेर ढकललं जातं. पावसाळ्यात सबवेमध्ये पंप लावतात ना, तसंच! हिंदमाता काय आणि मिलन सबवे काय, पंप बंद पडला की काय होतं ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

एकदा या व्यवस्थेत मुरल्यावर परत समुद्रात जाणं अवघड होतं. गोड्या पाण्यातला प्लॅनेरिया समुद्राच्या पाण्यात टाकला तर मरतो. खेकड्याच्या किंवा शिंपल्याच्या पिल्लांसारखी पाण्यावर तरंगत लांब जाणारी अवस्था त्याच्या आयुष्यात नाही. तो अंड्यांची छोटी गोळी दगडाला चिकटवतो आणि त्यातून थेट छोटे प्लॅनेरिया बाहेर येतात. म्हणजे पिल्लंही त्याच ओढ्यात, त्याच दगडाखाली.

याच शाखेतले काही पुढे पाण्यातून बाहेर आले आणि ओल्या मातीत राहू लागले. पावसाळ्यात बाथरूमच्या कोपऱ्यात किंवा कुंडीखाली हातोड्यासारख्या डोक्याचा, चिकट, लांबलचक किडा दिसतो आणि लगेच कुणीतरी मीठ आणायला धावतं. बऱ्याच जणांना तो जळू वाटतो. पण तो जळू नाही, बायपॅलियम गटातला जमिनीवरचा प्लॅनेरिया आहे. तो माणसाचं रक्त पीत नाही, गांडुळं खातो. डीएनए तपासल्यावर असं दिसलं की जमिनीवरच्या या प्लॅनेरियांचे सगळ्यात जवळचे नातलग म्हणजे गोड्या पाण्यातलं ड्युगेसिडी हे कुटुंब. आपल्या गोष्टीचा नायक ड्युगेसिया हा याच कुटुंबातला.

फॉसिल नाही, मग पुरावा कुठला?

डायनोसॉरची हाडं सापडतात, शंखशिंपले सापडतात. प्लॅनेरियाला ना हाड ना कवच. मेला की काही तासांत विरघळून जातो. त्यामुळे चपट्या कृमींचे अवशेष अगदी विरळ. बाल्टिक समुद्राच्या काठी सापडणाऱ्या अंबरमध्ये, म्हणजे झाडाच्या घट्ट झालेल्या चिकात, सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वीचा एक छोटा चपटा कृमी मिळाला. ब्राझीलमध्ये शार्कच्या दगड झालेल्या विष्ठेत सुमारे २७ कोटी वर्षांपूर्वीची टेपवर्मची अंडी मिळाली. म्यानमारच्या अंबरमध्ये सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या टेपवर्मच्या सोंडेचा तुकडा असल्याचं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. असे चार-दोन पुरावे सोडले तर पाटी कोरी.

म्हणून शास्त्रज्ञ जिवंत प्राण्यांच्या डीएनएकडे वळले. ही पद्धत आपल्याला कळायला सोपी आहे, कारण यात मुख्य मुद्दा कॅलिब्रेशनचा आहे. डीएनएमध्ये पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू बदल साठत जातात. एका जातीचे दोन गट वेगळे झाले की दोघांत स्वतंत्रपणे बदल होत राहतात. जितका काळ जास्त, तितका फरक जास्त. आता घड्याळ आहे, पण काटा सेकंदाला किती सरकतो ते माहीत नाही. त्यासाठी आपल्याला तारीख ठाऊक असलेली एखादी घटना लागते.

ग्रीसजवळच्या एजियन समुद्रात अशी घटना मिळाली. तिथे साधारण १.२ कोटी ते ९० लाख वर्षांपूर्वी जमीन खचून मधे खोल समुद्र आला आणि पूर्व-पश्चिम बेटं वेगळी पडली. दोन्ही बाजूंना ड्युगेसिया आहे. समुद्र ओलांडता येत नाही, म्हणजे तेव्हापासून दोघांची गाठभेट नाही. या फरकावरून घड्याळ लावता येतं. २०१३ मध्ये ग्रीसमधल्या ड्युगेसियावर असं काम प्रसिद्ध झालं.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक गणित करू. समजा, १ कोटी वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या दोन गटांत डीएनएच्या १००० अक्षरांमागे २० फरक आहेत. दुसऱ्या एका जोडीत १३० फरक आहेत. तर ती जोडी ६.५ कोटी वर्षांपूर्वी वेगळी झाली, असं साधं उत्तर येईल. प्रत्यक्षात एकाच जागी दोनदा बदल झाला तर आपल्याला एकच दिसतो, आणि सगळ्या जातींचा वेगही सारखा नसतो. त्यामुळे खऱ्या गणितात या सगळ्याची करेक्शन घालावी लागतात आणि उत्तर नेहमी ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असंच येतं. लॅबमध्ये रीडिंगला एरर बार देतो तसंच.

गोंडवन : नाव आपलं, गोष्ट जगाची

एके काळी दक्षिण अमेरिका, आफ्रिका, मादागास्कर, भारत, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका हे सगळे एकत्र होते. या महाखंडाचं नाव गोंडवन. हे नाव मध्य भारतातल्या गोंड लोकांच्या प्रदेशावरून आलंय, कारण तिथल्या खडकांना भूगर्भशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात हे नाव दिलं होतं. चंद्रपूर-बल्लारपूरचा कोळसा ज्या थरांत मिळतो, ते याच गोंडवन काळाचे थर.

१९७० च्या दशकात इयन बॉल या शास्त्रज्ञांनी ड्युगेसिडी कुटुंबाचा जगाचा नकाशा मांडला. या कुटुंबातले वेगवेगळे गट दक्षिणेकडच्या खंडांवर विखुरलेले दिसतात. बॉल यांनी विचारलं, एवढ्या सगळ्या ठिकाणी हे प्राणी समुद्र ओलांडून गेले असं मानायचं, की खंड एकत्र असतानाच ते तिथे होते आणि खालची जमीनच दूर गेली असं मानायचं? त्यांनी दुसरी बाजू घेतली. त्यांचं म्हणणं होतं की हे कुटुंब गोंडवन फुटण्याच्या आधीचं आहे. तेव्हा डीएनएची आजची साधनं नव्हती. फक्त शरीररचना आणि नकाशा यांवरून केलेला हा तर्क होता.

२०२२ मध्ये ड्युगेसियाच्या अनेक देशांतल्या जाती घेऊन डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचं उत्तर असं की ड्युगेसियाचा उगम ज्युरासिक काळाच्या शेवटी, म्हणजे साधारण १५-१६ कोटी वर्षांपूर्वी, गोंडवनाच्या आफ्रिका-मादागास्कर भागात झाला. म्हणजे मुळं जुनी असण्याबद्दल बॉल यांचा अंदाज बरोबर दिशेने होता. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. आफ्रिकेतून बाहेर पडून युरोप-आशियात येण्याचे एक नाही, तीन मार्ग या अभ्यासात दिसले. म्हणजे काही प्रवास जमिनीने करून दिला आणि काही प्राण्यांनी संधी साधून केला.

आता भारताकडे पाहा. आपला देश सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वी मादागास्करपासून सुटला, नंतर सेशेल्स बेटं मागे टाकली आणि एकटाच उत्तरेकडे निघाला. वर्षाला १५ सेंटिमीटरहून जास्त असा त्याचा वेग एका टप्प्यात होता. जमिनीच्या हिशोबात ही एक्स्प्रेसच म्हणायची! सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला आणि हिमालय उचलला जाऊ लागला.

या तराफ्यावर कोण कोण बसून आलं असेल, याचं सगळ्यात सुंदर उदाहरण एक बेडूक आहे. २००३ मध्ये एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसुट यांनी केरळच्या सह्याद्रीतून नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस हा जांभळा, फुगीर बेडूक जगासमोर आणला. नाव ‘नासिका’वरून, म्हणजे नाकावरून, नाशिक शहरावरून नाही. त्याच्या कुटुंबाचे सगळ्यात जवळचे नातलग भारतात कुठेच नाहीत, ते आहेत सेशेल्स बेटांवर! बेडकालाही खारं पाणी चालत नाही. त्यामुळे दोघांचे पूर्वज एकाच जमिनीवर होते आणि मधे समुद्र नंतर आला, हेच पटतं. ओढ्यातल्या कुठल्याही प्राण्याचा इतिहास वाचताना हा बेडूक डोळ्यांसमोर ठेवावा.

अंधेरीचा दगड काय सांगतो?

इथे आपल्या महाराष्ट्राची एक अडचण येते. भारत हा तराफा उत्तरेकडे जात असताना, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, दख्खनमध्ये प्रचंड ज्वालामुखी झाले. जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, थरावर थर साचले, आणि त्याचा बेसॉल्ट झाला. आपला सह्याद्री, लोणावळ्याचे कडे, कान्हेरीच्या लेणी ज्यात कोरल्यात तो खडक, हे सगळं त्याच ज्वालामुखी काळाचं. अंधेरी पश्चिमेला उभ्या खांबांसारखी दिसणारी सुमारे २०० फूट उंचीची गिल्बर्ट हिल हाही त्याच घडामोडींच्या शेवटच्या काळाचा नमुना. आज तिच्या चारी बाजूंनी बिल्डिंगा आहेत, पण मेट्रोने अंधेरीला उतरणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी तिच्याकडे मान वर करून पाहावं.

आता विचार करा. लाव्हा जिथे जिथे पसरला, तिथला प्रत्येक ओढा गाडला गेला. म्हणजे पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा मुंबईतल्या ओढ्यात आज जो कोणी चपटा कृमी असेल, त्याचं घराणं भले १५ कोटी वर्षांचं असो, त्याचा इथला पत्ता मात्र ज्वालामुखीनंतरचाच असणार. घराण्याचं वय आणि पत्त्याचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बायोजिऑग्राफी, म्हणजे कोण कुठे राहतो आणि का, याचा अभ्यास करताना हा फरक विसरला तर सगळं गणित चुकतं.

मग ओढे पुन्हा भरले कसे? याचाही पुरावा मुंबईतच मिळालाय. ज्वालामुखी सलग चालू नव्हते. दोन उद्रेकांच्या मधे बराच काळ शांतता असे, तळी साचत, झाडं उगवत. पुढचा लाव्हा आला की हे सगळं दोन थरांच्या मधे सँडविचसारखं अडकून राही. वरळी परिसरातल्या अशा थरांत छोट्या बेडकांचे ढीगभर सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. ‘डायनोसॉर’ हा शब्द तयार करणारे तेच हे ओवेन. या बेडकाचं आजचं नाव इंडोबॅट्रॅकस. मुंबईच्या या थरांत गोड्या पाण्यातल्या कासवाचे अवशेषही मिळालेत. म्हणजे आजूबाजूला आग ओकणारी जमीन असतानाही, जरा उसंत मिळाली की गोड्या पाण्यातले प्राणी शेजारच्या सुरक्षित भागातून परत येत होते. बेडकाला उड्या मारता येतात, प्लॅनेरियाला फक्त सरपटता येतं. पण पूर आला की दोन ओढ्यांचं पाणी एक होतं, आणि नद्या लाखो वर्षांत आपली पात्रं बदलतात. एवढा रस्ता त्याला पुरतो. घाई नसली म्हणजे झालं.

परजीवी भावाचा उलटा प्रवास

सगळ्या चपट्या कृमींचा प्रवास असा संथ नसतो. फ्ल्यूक आणि टेपवर्म यांचे पूर्वजही एके काळी स्वतंत्र राहणारे चपटे कृमीच होते. परजीवी झाल्यावर त्यांना वाहन मिळालं. जिथे यजमान जाईल तिथे पाहुणा जाणार!

शिस्टोसोमा हा रक्तात राहणारा फ्ल्यूक याचं उत्तम उदाहरण. थिओडोर बिलहार्झ यांनी १८५१ मध्ये कैरोमध्ये तो माणसात शोधला, म्हणून या रोगाला बिलहार्झिया म्हणतात. त्याचं अर्धं आयुष्य गोड्या पाण्यात जातं. रोग्याच्या लघवीतून किंवा शौचातून अंडी पाण्यात जातात, त्यातून निघालेलं पिल्लू ठरावीक जातीच्या गोगलगाईत शिरतं, तिथे वाढतं, पुन्हा पाण्यात येतं आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या किंवा जनावराच्या कातडीतून आत घुसतं. म्हणजे गोगलगाय नसेल तर साखळी तुटते.

आफ्रिकेत हा रोग फार, आणि इजिप्तच्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या ममींमध्येही रफर यांना १९१० मध्ये त्याची अंडी मिळाली. त्यामुळे शिस्टोसोमा मूळचा आफ्रिकेचाच, असं बरीच वर्षं मानलं जायचं. पण २००० नंतरच्या डीएनए अभ्यासांनी चित्र उलटं केलं. वंशवृक्षाच्या बुंध्याजवळच्या फांद्या आशियातल्या निघाल्या. म्हणजे तो आशियातून आफ्रिकेत गेला. त्याहून गंमत म्हणजे आपल्या गुराढोरांत आढळणाऱ्या शिस्टोसोमा इंडिकम, स्पिंडेल आणि नेसाले या जातींचे सख्खे नातलग आफ्रिकेत आहेत. नेसाले तर बैलाच्या नाकात गाठी करतो आणि बैल घोरायला लागतो. थोडक्यात, हे घराणं आशियातून आफ्रिकेत गेलं आणि त्याची एक शाखा चरणाऱ्या जनावरांबरोबर परत भारतात आली. इथे त्यांना राहायला मिळाली इंडोप्लॅनॉर्बिस ही डबक्यांतली गोगलगाय, आणि तिची जवळची नातलग आहे आफ्रिकेतली बुलिनस. यजमान, गोगलगाय आणि कृमी, तिघांचे नकाशे एकमेकांवर ठेवले तरच कोडं सुटतं.

गिमवी : कोकणातलं एक गाव

माणसाला होणाऱ्या बिलहार्झियाची भारतात सहसा चर्चा होत नाही. पण पाठ्यपुस्तकांत भारताच्या नावापुढे एक गाव हमखास येतं, रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी. गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांनी १९५२ मध्ये दाखवून दिलं की या गावात लघवीतून रक्त जाण्याचा जो त्रास लोकांना होत होता, तो शिस्टोसोमामुळे होता, आणि रोगी बाहेरून तो घेऊन आलेले नव्हते. रोग गावातच लागत होता. मग प्रश्न आला गोगलगाईचा, कारण आफ्रिकेतली बुलिनस कोकणात नाही. पुढच्या कामात त्यांनी फेरिसिया टेन्युइस या छोट्याशा, टोपीच्या आकाराच्या गोगलगाईकडे बोट दाखवलं.

एका वहाळाच्या आसपासचं एवढं छोटं केंद्र, आणि सगळ्यात जवळचे नातलग अरबस्तान-आफ्रिकेत. इथे खंड सरकल्याचा काही संबंध नाही, कारण माणूसच मुळी नंतरचा. हा प्रवास माणसाच्या शरीरातून झालेला असणार. कोकण किनाऱ्याचा, विशेषतः दाभोळसारख्या बंदराचा, अरबस्तानाशी व्यापार शेकडो वर्षांचा. हे असं होऊ शकतं याचा अलीकडचा दाखला युरोपात मिळाला. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर काव्हू नदीत पोहलेल्या लोकांना २०१३-१४ मध्ये हा रोग झाला, आणि डीएनएवरून तो कृमी पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलकडचा निघाला.

गिमवीची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती आणखी एका कारणाने. तिथे नकाशा वाचणं ही काही शास्त्रज्ञांची हौस नव्हती. लघवीतून रक्त जाणाऱ्या पोरांना कुठलं औषध द्यायचं आणि कुठल्या पाण्यात उतरू द्यायचं नाही, हे त्यावर ठरत होतं.

कुंडीतून आणि फिश टँकमधून

आज चपट्या कृमींची सगळ्यात मोठी वाहतूक माणूसच करतो. गिरार्डिया हा प्लॅनेरिया मूळ अमेरिकेचा. पाणवनस्पतींच्या व्यापाराबरोबर तो युरोप, जपान, ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला. त्यातल्या एका जातीला तर चीनमध्ये सापडली म्हणून ‘सायनेन्सिस’, म्हणजे चिनी, असं नाव देण्यात आलं. नंतर कळलं की ती मूळची अमेरिकन आहे! हातोड्याच्या डोक्याचा बायपॅलियम केवेन्स याचंही तसंच. १८७८ मध्ये मोझली यांनी त्याचं वर्णन केलं ते लंडनच्या क्यू गार्डन्समधल्या काचघरातून, आणि ‘केवेन्स’ हे नावही त्यावरूनच पडलं. तो मूळचा आग्नेय आशियाचा, कुंड्यांच्या मातीतून तिथे गेलेला. २०१४ मध्ये या बायपॅलियमच्या अंगात टेट्रोडोटॉक्सिन, म्हणजे पफर फिशमध्ये असतं ते विष, सापडलं. त्यामुळे बाथरूममध्ये दिसला तर हाताने उचलू नका, कागदावर घेऊन बाहेर टाका. तुकडे तर मुळीच करू नका. कारण तुम्हाला आता ठाऊक आहेच.

तर मग नियम असा निघतो. जिथे कृमीचा नकाशा आणि जमिनीचा इतिहास जुळतो, तिथे जमिनीने त्याला नेलं. जिथे जुळत नाही, तिथे कुणाच्या तरी रक्तातून, कुंडीतून किंवा काचेच्या पेटीतून तो गेला.

आपल्या नद्यांचं काय?

दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी. यातल्या बहुतेकांना आपण नाला म्हणूनच ओळखतो. पण या चारही नद्यांचा उगम नॅशनल पार्कच्या टेकड्यांत किंवा तिथल्या विहार, तुळशी, पवई या तलावांच्या परिसरात आहे. बोरिवलीच्या पार्कात नदी दगडगोट्यांतून वाहते, आणि काही किलोमीटरवर हीच नदी भिंतींमधून जाते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर पात्रं रुंद करण्याची आणि काठाला भिंती बांधण्याची कामं झाली. पुराचं पाणी लवकर जावं हे बरोबरच आहे, आणि आपल्यातले सिव्हिलवाले उद्या हेच काम करणार आहेत. पण प्लॅनेरियाचं घर म्हणजे दगडाची खालची बाजू. जिथे तळच काँक्रीटचा झाला, तिथे खालची बाजू उरतच नाही.

चपट्या कृमीला एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जायला हजारो वर्षं लागू शकतात. ओढा बुजवायला आपल्याला एक सीझन पुरतो. शिवाय ड्युगेसियाच्या जाती बाहेरून बघून ओळखू येत नाहीत. त्यासाठी शरीराचे पातळ छेद घेऊन आतले प्रजननाचे अवयव बघावे लागतात, नाहीतर डीएनए काढावा लागतो. त्यामुळे एखाद्या ओढ्यातली जात गेली तर ती गेल्याचं कुणाला कळणारही नाही. वाघ गेला तर बातमी होते. पण ज्युरासिक काळापासूनच्या घराण्यातला, दख्खनच्या लाव्ह्यानंतर हळूहळू परत आलेला एखादा प्राणी गेला, तर त्याच्याबरोबर इतिहासाचं एक पान जातं आणि त्याची झेरॉक्स कुठेच नसते. फॉसिल नाहीत हे आपण वर पाहिलंच. या प्राण्यांचा इतिहास फक्त जिवंत प्राण्यांत लिहिलेला आहे.

म्हणून एक विनंती. पावसाळ्यात ट्रेकला जाल तेव्हा स्वच्छ, वाहत्या ओढ्यातला एखादा दगड हळूच उलटा करून बघा. सपाट, सावकाश सरकणारा, डोक्यावर दोन ठिपके असलेला प्राणी दिसला तर फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा, आणि दगड होता तसा परत ठेवा. नॅशनल पार्कमधून काहीही उचलून आणायचं नाही, त्याला परवानगी लागते. हॉस्टेलच्या फिश टँकच्या काचेवर दिसला तर तो बहुधा विकत आणलेल्या वनस्पतींबरोबर आलेला पाहुणा असेल. ते पाणी ओढ्यात किंवा तलावात ओतू नका, नाहीतर पुढच्या अभ्यासकाला ‘हा पवईला कसा पोचला’ यावर आणखी एक पेपर लिहावा लागेल.

थोडक्यात सांगायचं तर, हा प्राणी समुद्र ओलांडत नाही, म्हणून त्याच्या पत्त्यावरून जमिनीचा प्रवास वाचता येतो. पण तो पत्ता जोपर्यंत शाबूत आहे, तोपर्यंतच.